मासा कुणीकडे पाहत होता

मार्गशीर्षातली सकाळ होती. चंद्रपुरात लेकीच्या घरी मी पाय पसरून लाखोळीची भाजी निवडत बसले होते, तेवढ्यात सिंदेवाहीहून फोन आला. आमच्या जुन्या फोटो स्टुडिओच्या पुढच्या खोलीत मोबाइलचं दुकान चालवणारा भाडेकरू बोलत होता. "बाई, भाऊ गेले." कधी, म्हटलं. "आत्ताच. खुर्चीत बसल्या बसल्या." त्यावर माझ्या तोंडून जे निघालं, त्यावरून लेक अजून मला बोलते. मी विचारलं, "सकाळी तलावावर जाऊन आले होते का?" आले होते म्हणाला. "मग काही दिसलं म्हणाले का?" त्या बिचाऱ्यानं पुन्हा सांगितलं, "बाई, भाऊ गेले." मरणाच्या बातमीवर कुणी असं विचारतं का, हे मलाही कळतं. पण नीलकंठभाऊजींबद्दल पहिल्यांदा हेच विचारायचं असतं, ही सवय मला साठ वर्षांची. फोन ठेवला आणि मग रडू आलं... ते आलंच, त्याला कोण अडवणार.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, नात्यानं लहान, त्यामुळे थट्टा करायचा हक्क दोन्हीकडून होता. मी भांदकची, आता त्याला भद्रावती म्हणतात. लहानपणी मला देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण गालांवर आणि कपाळावर व्रण राहिले, ते आजही आहेत. लग्न ठरवताना वडिलांनी चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, एका फोटोवाल्याकडून माझा फोटो काढवून घेतला आणि त्या भल्या माणसानं त्यात माझं तोंड लोण्यासारखं गुळगुळीत करून टाकलं. तो फोटो सिंदेवाहीला गेला, पसंती आली, आणि अंतरपाट खाली झाला तेव्हा आमच्या ह्यांचा चेहरा क्षणभर जो उतरला तो मी पाहिला. माणूस चांगला होता, दोन दिवसांत सावरला. मी मात्र माजघरात बसून मनसोक्त रडायचं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी भाऊजी दारात येऊन उभे राहिले. "वैनी, फोटो पाह्यल्याबरोबर मले समजलं होतं. गालावर पेन्सिल फिरली हाय म्हनून." मी म्हटलं, "मग भावाला का नाही सांगितलं?" तर म्हणतात कसे, "एवढं साजरं काम केलं होतं त्यानं. त्याची कारागिरी काऊन मोडा?" मला राग आला आणि हसूही आलं. रडायचं ते राहूनच गेलं.

ते स्वतः हेच काम करत. सिंदेवाहीत तेव्हा वीज नव्हती. स्टुडिओच्या छपराची चार कौलं काढून काचा बसवल्या होत्या, तोच उजेड. अंधाऱ्या खोलीत कंदिलाला लाल काच. धानाची कापणी झाली की लोकांच्या हाती चार पैसे येत आणि पोरी दाखवायचे फोटो सुरू होत. भाऊजी काचेच्या उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवायचे, खालून आरशानं उजेड पाडायचे आणि अणकुचीदार पेन्सिलीनं एकेक व्रण बुजवायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा खड्डा तिथे उजेडाच्या ठिपक्यासारखा दिसतो, त्यात शिसं भरलं की छापताना खड्डा नाहीसा. हात इतका बसला होता की गप्पा मारता मारता करायचे. मी चहा घेऊन जायची आणि म्हणायची, "आणखी एका सासूला फसवा." इतक्या नवऱ्या गोऱ्या केल्या, पण स्वतः लग्न केलं नाही. विचारलं तर सांगायचे, "मले समद्यांचे खरे चेहरे माह्यीत हायेत ना."

हे झालं पोटापाण्याचं. त्यांचा जीव होता घारीत. आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मोठमोठे तलाव आहेत, मालगुजारांच्या काळापासूनचे. हिवाळा लागला की आमच्या तलावावर एक मोठी घार यायची. पोट पांढरं, डोळ्यावरून काळी पट्टी. मासे धरणारी. पाण्यावर एका जागी पंख हलवत थांबायची आणि मग पाय पुढे करून दगडासारखी पडायची, कधी कधी पुरती पाण्यात. उठली की पंजात मासा. तलावाच्या मधोमध पाण्यात उभं एक वठलेलं झाड होतं, त्यावर बसून खायची. आता ह्यात नवल ते काय, मला वाटायचं. घार मासे खाणार नाही तर काय पुरणपोळी खाणार? पण एका सकाळी भाऊजी मला आणि ह्यांना घेऊन पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गेले आणि म्हणाले, "माश्याचं तोंड पाहा." पाहिलं. घार झाडाकडे चालली होती आणि पंजातला मासा लांबीत धरलेला, तोंड पुढे, घारीच्या तोंडाच्याच दिशेला. जणू दोघं मिळून कुठे गावाला निघालेत. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तसंच. भाऊजी म्हणाले, "दरवेळी पुढंच कसं? पान्यात मासा कसाबी असते. आडवा, उलटा. मंग ही त्याले हवेत फिरवते का?"

झालं, तिथून वाद सुरू झाला. मी म्हटलं, पळणाऱ्याला मागूनच धरतात. मासा पुढे पळतो, ही मागून झडप घालते, मग तोंड पुढेच राहणार. त्यात फिरवायचं काय? भाऊजी म्हणाले, नाही, वर उठल्यावर फिरवत असेल, वारा कापायला सोपं जातं म्हणून. बिसनभाऊ ढिवर, ज्यांचे डोंगे, म्हणजे मासे धरायच्या होड्या, तलावात असत, त्यांचं तिसरंच. "अरे, ती सावली पाडते. मासा भुलते, आन् सोताच तोंड वर करते." रेंजरसाहेब फोटो काढून घ्यायला स्टुडिओत आले होते, त्यांच्या कानावर हे गेलं. ते हसले. "पाखराला एवढी अक्कल? उठल्या क्षणाचा फोटो दाखवा, मग मानू." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. झाडाजवळ पोचताना तोंड पुढे असतं हे सगळ्यांनाच मान्य होतं. पाण्यातून उठतानाच्या क्षणी ते कुठे असतं, एवढाच प्रश्न होता. तो क्षण डोळ्याला सापडत नव्हता, पाणीच इतकं उडायचं. फोटोलाच सापडला तर सापडला असता. भाऊजींनी ते मनावर घेतलं. मी गंमत म्हणून बोलले होते, पण खरं सांगते, मलाही चैन पडेना. भाकरी थापताना मनात मासा फिरायचा.

कॅमेरा होता दोन भिंगांचा, छातीशी धरून वरून काचेत बघायचा. त्या काचेत सगळं उजव्याचं डावं दिसतं. समोर बसलेल्या माणसाला त्यानं काही बिघडत नाही, पण उडती घार उजवीकडे गेली की काचेत डावीकडे पळते आणि हात चुकीच्या बाजूला वळतो. म्हणून भाऊजींनी सराव मांडला. मला माडीवर उभं करून चिंध्यांचा चेंडू अंगणातून ह्या टोकाहून त्या टोकाला फेकायला लावायचे आणि खाली रिकामा कॅमेरा घेऊन गरागरा फिरायचे. शेजारच्या बाया म्हणायच्या, ह्या घरात दीर-भावजय दोघंही गेले कामातून. एकदा चेंडू त्यांच्या टाळक्यात बसला. "मुद्दाम मारून राह्यली का वैनी?" "नाही हो, घारीनं मारला." शेवटी त्यांनी काचेचा नाद सोडला आणि मोडक्या छत्रीच्या काड्यांची एक चौकट करून कॅमेऱ्याच्या वर बसवली. त्या चौकटीतून सरळ बघायचं. फिल्म नागपूरहून छोट्या रेल्वेनं यायची, तीही आली तर आली, म्हणून कळ दाबताना हात आखडता. पहिल्या हिवाळ्यात मिळालं ते पाणी, आभाळ, आणि एका फोटोत शेपूट. ते शेपटीचं चित्र घेऊन आठवडाभर हिंडले. मी म्हटलं, "निम्मी घार तर झाली." तर म्हणाले, "निम्मी कुठी, वैनी? पाव."

दुसऱ्या हिवाळ्यात बिसनभाऊंचा एक डोंगा घेतला, त्यावर शिंगाड्याच्या वेली पसरल्या आणि पहाटेच वठलेल्या झाडाच्या बाजूला पाण्यात जाऊन दबा धरून बसू लागले. थंडी अशी की घरी येऊन चहाची कपबशी धरायला बोटं वळत नसत. मी पाळीवर बसून राहायची, घरची कामं उरकून. दिवसचे दिवस घार लांब पडायची. आणि एका सकाळी ती त्यांच्या अगदी पुढ्यात पडली, दोन बैलगाड्या मावतील एवढ्या अंतरावर. मी पाळीवरून नुसता फवारा पाहिला. डोंगा हलला, भाऊजी उभे राहिलेले दिसले, मग घार झाडाकडे गेली. मासा तोंड पुढे करून. मी ओरडून विचारलं, "मिळालं का?" त्यांनी कॅमेरा पोटाशी धरला आणि डोंगा वळवला. काठाला आले तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. "दाबलो तर होतो," एवढंच म्हणाले.

फिल्म त्यांनी लगेच धुतली. अंधाऱ्या खोलीच्या दाराशी मी उभी होते. दार उघडून ओली पट्टी हातात घेऊन ते उजेडात आले आणि मी त्यांना तसं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. घार आली होती. दोन्ही पंख वर, एकेक पीस वेगळं, डोळ्यावरची पट्टी, आणि त्या पट्टीत डोळा. खाली पंजात मासा. "डोळा पाहा वैनी, डोळा!" ते घारीच्या डोळ्यात इतके रमले की माशाकडे बघायचं दोघांनाही सुचलं नाही. मला तर काळं पाणी आणि उलटे रंग यात घार शोधायलाच वेळ लागला. म्हटलं, माशाचं काय ते कागदावर उतरलं की बघू, आता पळून थोडंच जातंय.

आणि तिथेच घात झाला. मोठा फोटो नागपूरलाच होत असे. दुपारच्या गाडीनं लग्नाच्या पोरींच्या निगेटिव्ह जायच्याच होत्या, त्याच पाकिटात ही पाठवायची ठरली. भाऊजी मेजाशी बसले. एकामागून एक पोरी हाताखालून गेल्या, गाल, कपाळ, हनुवटी, आणि त्याच रांगेत घार आली. मन तलावावर होतं, हात मेजावर. धुताना धुळीचे बारीक ठिपके राहिले होते, ते बुजवता बुजवता हातानं माशाच्या अंगावरचेही उजेडाचे ठिपके बुजवले. सगळे. पेन्सिल खाली ठेवली आणि मग त्यांना कळलं की त्यातला एक ठिपका माशाचा डोळा होता. कोणत्या टोकाचा, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. दोन्ही टोकांवर पाण्याचा फवारा, तोंड कोणतं नि शेपूट कोणतं ओळखू येईना, डोळा हीच काय ती खूण होती. तसं ते शिसं पुसून निघालं असतं. त्यांनी कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसायला घेतलं, पण गाडीची वेळ झाली होती, हात घाईत होता, आणि कापसात कुठून तरी वाळूचा कण आला असावा. माशावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा गेला, डोळ्याचा ठिपकाही त्यातच गेला. मला हाक मारली नाही. मी आपणहून गेले तेव्हा ते निगेटिव्ह तशीच उजेडावर धरून बसले होते.

मोठा फोटो होऊन आला तेव्हा सगळं गाव पाहायला लोटलं. घार अशी की आता पंख मिटेल. माशावर मात्र काळी रेघ. रेंजरसाहेब आले, कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा मी नागपूरच्या प्रदर्शनात लावतो, खाली तुमचं नाव घालून. फक्त ती रेघ बुजवा आणि इकडे मागच्या टोकाला एक टिंब द्या. मासा फिरवते हेच तुमचं म्हणणं आहे ना? चला, मी मानलं." आमचे हे तर हरखलेच. "अरे, हजार नवऱ्या गोऱ्या केल्यास तू, एका माश्याले डोळा देता येत नाई तुले?" भाऊजींनी फोटो हातात घेतला, माशावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नवरीच्या तोंडावर काय होतं, ते पाहूनच मी पुसत होतो, दादा. इथी काय होतं तेच माह्यीत नाई. कुठी ठेवू टिंब?" मला वाटलं होतं मी खूश होईन, कारण फोटो निकालात निघाला म्हणजे माझं म्हणणं शाबूत राहिलं. पण त्या संध्याकाळी मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं. त्यांना एवढंच हवं होतं आयुष्यात, आणि ते पेन्सिलीच्या टोकावर होतं. फोटो प्रदर्शनात गेला नाही. रेघेसकट स्टुडिओच्या भिंतीवर लागला.

त्यानंतर भाऊजींनी एक नवंच खूळ काढलं. पोरीचा फोटो काढला की बापाला बाहेर बसवायचे आणि पोरीलाच विचारायचे, "ठेवू का काढू?" बहुतेक पोरी मान खाली घालून म्हणायच्या, काढा. मग काढायचे, मन लावून. एखादी म्हणायची, राहू द्या. गिऱ्हाईक थोडं तुटलं, हे चिडले, पण खूळ काही गेलं नाही. एका दुपारी मलाच त्या काचांखालच्या स्टुलावर बसवलं. फोटो काढून झाल्यावर तोच प्रश्न. मी म्हटलं, "ठेवा. व्रण गेले तर मला ओळखायचं कसं?" तो फोटो त्यांनी घारीच्या शेजारी टांगला. त्यात माझा एकेक खड्डा मोजता येतो. माझा तेवढा एकच फोटो मला आवडतो.

पुढचे कितीतरी हिवाळे ते तलावावर जात राहिले, पण तशी घार पुन्हा पुढ्यात पडली नाही. एका पावसाळ्यात वठलेलं झाड कोसळलं, घारीनं बसायची जागा पलीकडच्या काठाला नेली. पुढे लांब भिंगांचे कॅमेरे आले तेव्हा हात थरथरायला लागले होते. हे गेले, मी लेकीकडे राहायला आले, वाद मात्र चालूच. मध्यंतरी लेकीनं त्यांना मोबाइलवर कुठल्याशा परदेशातल्या घारीचं चलच्चित्र दाखवलं. स्वच्छ दिसत होतं, मासा हवेत फिरवते. मी म्हटलं, संपलं, हरले मी. तर भाऊजीच म्हणाले, "ते तिथली हाय. आपल्या तलावाची दाखव." मी कधी फोनवर म्हणायची, आज कुणीतरी असं असं पाहिलं म्हणे, तर त्यांचं ठरलेलं, "एकदा दिसलं म्हंजे दिसलं नाई, वैनी." ह्या वाक्यानं मी वैतागून फोन ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची.

तेरवीला सिंदेवाहीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला म्हटलं, मला तलावावर ने. तिनं गाडी पाळीपर्यंत आणली, खुर्ची मांडून दिली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला लांबचं चांगलं दिसतं. बराच वेळ नुसतं धुकं. मग ती आली... तीच जात, पांढरं पोट, काळी पट्टी. थांबली, पंख हलवले, पडली, आणि पाळीच्या जवळून उठली. मासा आडवा होता. चक्क आडवा, तोंड माझ्याकडे. तिनं हवेतच ओल्या कुत्र्यासारखं अंग झटकलं, पाय मागे-पुढे झाले, आणि मासा सरळ झाला, तोंड पुढे. मग ती गेली. मी डावीकडे वळून म्हटलं, "भाऊजी, हरले बरं का मी." तिथे कुणी नव्हतं. उजवीकडे लेक होती, ती मोबाइलमध्ये बघत होती. काय झालं ग आई, म्हणाली. इतकी वर्षं जो वाद जिंकायची मी खटपट केली, तो हरले तेव्हा हरवणाराच नव्हता. त्याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

परत येऊन स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसले. त्यांची खुर्ची, काचेचं मेज, डब्यात पेन्सिली, सगळ्यांना टोकं केलेली. भिंतीवर मी माझ्या खड्ड्यांसकट, आणि शेजारी घार. लेकीला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता दे ना टिंब. आता तर तुला माहीत झालं." मी पेन्सिल घेतली, फोटो भिंतीवरून उतरवून मांडीवर ठेवला. उठताना ह्याही माशाचं तोंड आडवं असेल, नाही तर मागे असेल... पण त्या दिवशी, त्या सकाळी, भाऊजी डोंग्यात उभे असताना ह्या माशाचं तोंड कुणीकडे होतं? ते मी कुठे पाहिलं होतं? आणि आज पाहिलं ते तरी एकदाच. आजची घार फिरवते, उद्याची फिरवेलच कशावरून? भाऊजींचं ते वाक्य कानात येण्याआधीच मी पेन्सिल डब्यात टाकली आणि फोटो परत टांगला. लेकीला म्हटलं, चंद्रपूरला दोन दिवसांनी जाऊ. उद्या पुन्हा तलावावर जायचं आहे, आणि उद्या मोबाइल घरी ठेवायचा. दोघींनी पाहिलेलं बरं. माझं म्हणणं खोटं पाडायला कुणीतरी लागतंच.